दिवा विझला म्हणजे दोष गेला?

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

मोटारीत चालकासमोर दिव्यांची जी पाटी असते, तिच्यावर इंजिनाच्या आकाराचा एक छोटा पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. तो विझला नाही, किंवा चालत्या गाडीत पुन्हा लागला, तर आपण काय करतो? माझ्या पाहण्यात तीन प्रकारची माणसे आहेत. पहिली त्याच्याकडे बघतच नाहीत. दुसरी त्याच्यावर चिकटपट्टी लावतात. ही थट्टा नव्हे; डिचोलीच्या बाजारात अशी गाडी मी पाहिली आहे. तिसऱ्या प्रकारची माणसे संख्येने सर्वांत जास्त. ती गॅरेजमध्ये जातात आणि सांगतात, "तेवढी लाइट घालवून द्या." दोष काढा, असे त्यांतले फारच थोडे म्हणतात. ह्या तिसऱ्या प्रकाराविषयी मला लिहायचे आहे, कारण आमचे घर त्यांतलेच आणि मीही त्यांतलाच.

माझे घर डिचोलीचे. शिक्षण मराठी शाळेत झाले. आजोळ खानापूरकडचे, त्यामुळे कन्नड लहानपणापासून कानावर होते; घाट चढून इथे बेळगावला शिकायला आल्यावर ते तोंडातही आले. माझे थोरले काका खाणीवर ट्रक चालवायचे. स्वतःचा ट्रक होता, बँकेचे कर्ज होते. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, पुढे मर्यादा घालून सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. दुसऱ्या वेळी काकांनी ट्रक विकला. काही वर्षांनी घरासाठी म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून एक पेट्रोल मोटार घेतली. हा सगळा लेख त्या मोटारीचा आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, आवाज नव्हता, धूर नव्हता. आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडले, बटण दाबले, दिवा विझला. ३०० रुपये घेतले, पावती दिली नाही. "कसला दोष होता?" असे मी विचारले तर म्हणाला, "सेन्सर असाच करतो." आठवड्याभरात दिवा पुन्हा लागला. पुन्हा ३०० रुपये. मे महिन्यात तिसऱ्यांदा. काकांनी वीस वर्षे ट्रक चालवलेला. इंजिनाचा दोष कानाने ओळखायची सवय. कानाला काही ऐकू येत नव्हते, म्हणून दोष नाही, असा त्यांचा हिशेब.

जूनमध्ये काका मला कॉलेजला सोडायला निघाले. साखळी, केरी करीत आम्ही चोर्ल्याच्या घाटाला लागलो. पाऊस कोसळत होता. अर्धा घाट चढल्यावर गाडी थरथरू लागली, ओढ कमी झाली आणि तोच दिवा आता उघडझाप करू लागला. काका म्हणाले, "घाट चढून जाऊ, मग बघू." नंतर कळले, की नेमके हेच करायचे नसते. कणकुंबीला थांबलो, इंजिन थंड होऊ दिले आणि पुढे जांबोटीमार्गे रांगत बेळगावला पोहोचलो.

इथल्या मेस्त्रीने यंत्र जोडले तेव्हा काका सवयीने म्हणाले, "लाइट घालवून द्या." तो हसला आणि माझ्याकडे बघून कन्नडमध्ये म्हणाला, "आरसब्याड्री, मोदल ओद्री." म्हणजे विझवू नका, आधी वाचा. मग त्याने यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवला. तिथे लिहिले होते: पी०३०२. त्या कोडचा अर्थ डिचोलीत आणि बेळगावात, मराठीत आणि कन्नडमध्ये एकच: दुसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेट घेत नाही. त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल निकामी होत आली होती. कॉइल आणि प्लग बदलले, ४,५०० रुपये लागले. पण तो मेस्त्री एवढ्यावर थांबला नाही. म्हणाला, "तीन महिने हा दोष असणार. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे गेले आहे. आता पुढचा दिवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा लागला तर आश्चर्य वाटून घेऊ नका." ऑगस्टमध्ये तो लागला. कोड: पी०४२०. नव्या कन्व्हर्टरचा भाव निघाला ३५,००० रुपये.

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. मी वाणिज्याचा विद्यार्थी आहे. पण हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही. आजच्या गाडीत एक छोटा संगणक असतो. इंजिनात किती हवा आली, धुरात प्राणवायू किती उरला, पाण्याचे तापमान किती, ह्याच्या खबरा त्याला सेन्सर देत राहतात. ठरलेल्या मर्यादेबाहेर काही गेले, की तो त्या दोषाचा कोड नोंदवतो, दोषाच्या क्षणी गाडीचा वेग आणि तापमान काय होते हेही टिपून ठेवतो आणि दिवा लावतो. कन्व्हर्टर म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारी, आतून जाळीसारखी रचना असलेली भट्टी. न जळलेले पेट्रोल तिच्यात जाऊन पेटले, की ती भट्टी स्वतःच भाजून निघते. दिवा उघडझाप करतो तो हेच सांगण्यासाठी.

ही पद्धत मुळात गाडीमालकाच्या सोयीसाठी आली नाही. ती आली हवेसाठी. लॉस एंजेलिसवर पसरणारे धुरके मोटारींच्या धुरापासून होते, हे हागेन-स्मिट ह्या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकाच नमुन्याचे कोड आले. आपल्याकडे ही तपासणी एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली, २०१३ मध्ये अधिक कडक झाली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. बीएस-६ दुचाकींवरही हा दिवा आहे. म्हणजे वसतिगृहाच्या आवारात उभ्या असलेल्या आपल्या स्कूटरींचाही हा प्रश्न आहे.

आता माझ्या अपराधाकडे येतो. ३५,००० रुपये घालायचे नाहीत, गाडी विकायची, असे काकांनी ठरवले. पेडण्याला माझी आत्या असते. तिच्या वाड्यावरचा एक मुलगा मोपाच्या विमानतळावर कामाला आहे. हा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्याच्या कितीतरी मुलांना पाळीचे काम मिळाले. रात्री-अपरात्री जायला-यायला त्याला गाडी हवी होती. चतुर्थीला मी घरी गेलो, तेव्हा माझ्याकडे एक छोटे यंत्र होते. जूनच्या प्रसंगानंतर हौसेने ८०० रुपयांना घेतलेले. गाडीला जोडले की कोड मोबाइलवर दिसतो. काका म्हणाले, "तुझ्याकडे ते यंत्र आहे मरे. उद्या तो गाडी बघायला येतो. तेवढी लाइट घालवून दी."

मी बटण दाबले.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला. गाडी अस्नोड्यापर्यंत नेऊन आणली. दिवा लागला नाही. लागणारच नव्हता, कारण कोड पुसल्यावर कन्व्हर्टरची तपासणी पुरी व्हायला संगणकाला काही दिवसांचे चालणे लागते. त्याने काकांना विचारले, "गाडी बरी आसा मू?" आणि स्वतःच म्हणाला, "आत्याच्या माहेरची गाडी, तिला काय बघायचे!" त्याने ५,००० रुपये विसार दिला आणि गेला. काका काही बोलले नाहीत. मीही नाही.

वाणिज्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७ पाठ केलेले असते. त्यात एक घोडा आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला तो सदोष असल्याचे माहीत आहे, पण तो गप्प राहतो. ही फसवणूक नव्हे, असे कायदा म्हणतो. परीक्षेत आपण एवढे लिहितो आणि पुढे जातो. पण त्याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे दडवणे ही फसवणूक आहे. दोन, तू नाकारले नाहीस तर घोडा चांगला आहे असे मी समजेन, असे घेणारा म्हणाला आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच आहे. त्या रात्री मला झोप आली नाही. दिवा लागलेली गाडी दाखवून आम्ही गप्प राहिलो असतो, तर तो निदान लिलावातला घोडा ठरला असता. मी तर बटण दाबून घोड्याचे लंगडणे चार दिवसांसाठी थांबवले होते. १९३० च्या मालविक्री कायद्यातले 'घेणाऱ्याने सावध राहावे' हे तत्त्वही माझ्या मदतीला येईना. ज्याने सावधपणे बघावे तो दिवाच मी विझवला होता.

सकाळी मी काकांना हे सांगितले. ते म्हणाले, "आम्हांला कोणी सांगितले होते? आम्ही घेतली तेव्हा?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पेडण्याला फोन लावला. मुलगा आला. त्याच्यासमोर मी यंत्र जोडून काय पुसले होते ते सांगितले. त्याने विसार परत घेतला, चहा घेतला आणि गाडी न घेता गेला. पुढे दिवाळीनंतर ती दुसऱ्या एकाला, दोष सांगून, ३०,००० रुपये कमी घेऊन विकली. त्या पैशांतून माझी ह्या वर्षाची फी भरायची होती. ती बाबांनी पतसंस्थेचे कर्ज काढून भरली. खरे बोलल्याने सगळे गोड झाले, असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही.

पण हिशेब मांडून बघा. मार्चमध्येच कोड वाचला असता तर खर्च होता ४,५०० रुपये. आम्हांला पडले दिवा विझवण्याचे ९००, कॉइलचे ४,५०० आणि विक्रीत गेलेले ३०,०००, एकूण ३५,४००. ३०,९०० रुपये हे दोषाचे मोल नाही. ते न वाचण्याचे मोल आहे.

तेव्हा दिवा लागला तर काय करावे? मला समजलेले थोडक्यात सांगतो. आधी रंग बघावा. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा असेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. तिथे दहा मिनिटांची घाईही इंजिनाचा जीव घेते. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही; सावकाश चालवावी आणि त्याच आठवड्यात कोड वाचून घ्यावा. पिवळा दिवा उघडझाप करीत असेल, तर पाय हलका करावा, चढावर रेटू नये, सुरक्षित जागा मिळताच थांबावे. पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट बसले आहे का, हे बघायला पैसे पडत नाहीत. आमच्या डिचोली-साखळीकडे लाल धुळीने हवेची जाळी तुंबते, पावसात जोडण्यांत ओल शिरते आणि उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. मेस्त्रीकडे जाण्यापूर्वी बॉनेट उघडून हेही बघावे.

कोड वाचला म्हणजे निदान झाले, असेही समजू नये. पी०१७१ ह्या कोडचा अर्थ इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते एवढाच. त्याचे कारण फाटलेली नळी असेल, मळलेला सेन्सर असेल किंवा पेट्रोलचा पंप असेल. कोड हा ताप आहे. रोग शोधायचा राहतोच. कोड बघून सरळ महागडा सेन्सर बदलणारा मेस्त्री आणि न बघता दिवा विझवणारा मेस्त्री, दोघेही सारखेच. दोष खरोखर दूर झाला, तर दिवा विझवावाही लागत नाही. ओळीने तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की संगणक तो आपण होऊन विझवतो. आणि जुनी गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट जरूर करावी. किल्ली फिरवल्यावर पिवळा दिवा लागतो का ते बघावे. लागलाच नाही तर कोणीतरी तो काढून टाकला असेल. मग यंत्र जोडावे. आतल्या तपासण्या अपूर्ण आहेत असे ते दाखवत असेल, तर बॅटरी तरी काढली होती किंवा कोड तरी नुकताच पुसला आहे. त्या पेडण्याच्या मुलाने एवढे बघितले असते, तर माझी लबाडी पाच मिनिटांत उघडी पडली असती.

माझ्या मित्रांचा ह्यावर आक्षेप आहे. ते म्हणतात, गरिबाला गाडी चालवायची असते, तू त्याला खर्चात पाडतोस. सेन्सरही बिघडतात, मग प्रत्येक दिव्याला घाबरायचे का? आक्षेप खोटा नाही. लहान गॅरेजवाल्याला कंपनीचे महागडे यंत्र परवडत नाही, आणि लाइट घालवा असे गिऱ्हाईकच सांगते तेव्हा तो तरी काय करील? म्हणून मी एकट्या मेस्त्रीला दोष देत नाही. पण वाचण्याचा खर्च आणि दुरुस्तीचा खर्च ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्ती आज करायची की दोन महिन्यांनी, हे ज्याने त्याने खिसा बघून ठरवावे. पण काय पुढे ढकलतो आहोत, हे तरी माहीत असावे. कर्ज थकले तरी चालेल. वहीत लिहिलेच नाही, हे चालणार नाही.

हिशेबतपासनीस हा राखणीचा कुत्रा आहे, शिकारी नव्हे, हे १८९६ च्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यापासून वाणिज्याची मुले पाठ करीत आली आहेत. इंजिनाचा दिवाही तेवढाच आहे. तो चोर पकडत नाही, फक्त भुंकतो. भुंकणे ऐकून उठायचे, की कुत्र्याचे तोंड बांधून पुन्हा झोपायचे, हे घरमालकाने ठरवायचे असते. आमच्या तालुक्याने हे मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. खाणी बंद पडल्या तेव्हा सगळे म्हणाले, अचानक झाले. अचानक कुठले? शेतांत लाल गाळ येत होता, विहिरींचे पाणी खाली जात होते, हे दिवे आधीच लागलेले होते. ट्रकचे हप्ते चालू होते म्हणून कोणी तिकडे बघितले नाही. काकांनीही नाही. त्याची किंमत त्यांच्यासारख्या ट्रकवाल्यांनी दिली.

माझी सूचना लहान आहे. गॅरेजवाल्याने पावतीवर कोड लिहून द्यावा, असा आग्रह प्रत्येक गिऱ्हाइकाने धरावा. पैसे देणाऱ्याचा तो हक्क आहे. पीयूसी केंद्रावर धूर तपासतात, तिथे हा दिवा लागलेला आहे की नाही एवढी एक नोंद सुरू करावी. आणि आपल्या वाणिज्य मंडळाने एक यंत्र विकत घ्यावे. महिन्यातून एक दिवस प्राध्यापकांच्या मोटारी आणि विद्यार्थ्यांच्या स्कूटरी वाचून द्याव्यात, पण कोणाचाही कोड पुसू नये. कन्नड विभागातल्या मित्रांनाही मी हेच सांगितले आहे आणि त्यांतल्या दोघांनी यायचे कबूल केले आहे. माझे ८०० रुपयांचे यंत्र मी पहिल्या दिवसासाठी देईन. पुसण्याच्या बटणावर मात्र एक चिकटपट्टी लावणार आहे. चिकटपट्टी लावायचीच, तर तिथे.